डॉक्टर काय म्हनना?

बसा. चहा विचारत नाही, कारण चहा करायला उठलो की मी परत येऊन बसणार नाही. मला मी चांगला ओळखतो. जे सांगायचंय ते आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. लेकीपुढे नाही, सख्ख्या भावापुढे नाही. देवापुढे तर मुळीच नाही, कारण देवालाही मी त्यात ओढलंय — ते पुढे येईलच. आणि एक करा, मध्येच 'होतं हो असं, काका' म्हणू नका. ते मी फार ऐकलंय. ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांना काहीच माहीत नव्हतं.

मी भेस्तानला राहतो. मूळचा धुळ्याकडचा, पण लग्नाआधीच सुरतेला आलो आणि इथलाच होऊन गेलो. एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, उभा जन्म गेला. लूमवरून आलेलं कोरं कापड — आम्ही त्याला ग्रे म्हणतो — उजेडाच्या टेबलावरून ओढायचं आणि रंगायला जाण्याआधी त्यातलं डॅमेज शोधायचं, हे माझं काम. तुटका धागा, तेलाचा डाग, गाठ. माझ्या नजरेतून काही सुटत नसे, आणि त्याचा मला माज होता म्हणा ना. घरी येऊन फुशारकी मारली की शोभा म्हणायची, "मग चष्मा कुठे ठेवलाय तेवढा शोधा."

शोभा — माझी बायको. गेली ती. तिची गोष्ट सांगतोय असं वाटेल तुम्हाला, पण गोष्ट माझी आहे. भोगली तिने.

आमची एकुलती लेक मनीषा शाळेत जायला लागली, त्या सुमाराला शोभाचं पोट जे बिघडलं ते बिघडलंच. सारखं संडासला जायचं, आव पडायची, मुरडा, रक्त. आधी शेजारपाजारचे सांगतील ते सगळं केलं. बेलाचा मुरंबा झाला, डाळिंबाची साल उगाळून झाली. रक्त थांबेना तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. गुजराती डॉक्टर, शांत माणूस. त्यांनी खालून दुर्बीण घातली आणि म्हणाले, मोठं आतडं सगळं आतून सुजलंय, व्रण पडलेत, कोलायटिस आहे. हा आजार मुळातून जात नाही, दबून राहतो. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

आता खरं सांगू? मला आजाराची लाज वाटत नव्हती, आजाराच्या जागेची वाटत होती. कुणाला हार्टचा त्रास असला की माणूस कसा चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगतो! आमचा आजार कुठे सांगणार? नातेवाइकांत मी 'ॲसिडिटी' असं सांगून ठेवलं होतं. कुठे लग्नाला निघायचं असलं की मी तिला विचारायचो, "तिथे जमेल ना?" एवढंच विचारायचो. ती समजायची, आणि सकाळपासून पाण्याचा घोट घ्यायची नाही. एकदा धुळ्याला जाताना बसमध्ये तिने माझ्या मनगटाला घट्ट धरून गाडी थांबवायला सांगा म्हटलं. मी कंडक्टरकडे जायला उठलोच नाही. खिडकीबाहेर बघत राहिलो. पुढचं सांगत नाही.

बघा, हे सांगून टाकलं मी. पण सांगायचं होतं ते हे नाही. माणूस लबाड असतो — मोठं झाकायला छोटं पुढे करतो, आणि वर त्याला वाटतं, चला, आपण मोकळे झालो.

तर, गोळ्यांनी तिला आराम पडला. पूर्ण नाही — मध्येच उचल खायचं, परत शांत व्हायचं. अशी वर्षं गेली. मनीषाचं कॉलेज झालं, स्थळं बघायला सुरुवात झाली. त्या वेळी शोभाचं पोट बरेच महिने शांत होतं. गोळ्यांची चिठ्ठी नवी करून घ्यायची म्हणून मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. दुर्बीण करायचीय का तेवढंही विचारून या, असं तिनेच मला निघताना सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही असं समजू नका की ती घाबरायची. दुर्बिणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी ती नाक दाबून प्यायची आणि मला हसवायची.

डॉक्टरांनी मला बसवून घेतलं. मी कापडात काम करतो हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कापडाच्याच भाषेत सांगितलं. म्हणाले, एकाच जागी कापड फाटतंय, तुम्ही रफू करताय, परत फाटतंय, परत रफू. आतड्याच्या अस्तराचं वर्षानुवर्षं तेच चाललंय. सुजेने ते सोलवटतं, आणि शरीर घाईघाईने नवं विणतं. इतक्यांदा विणताना कधीतरी वीण चुकते. चुकलेली वीण चुकीचीच वाढत जाते — आणि तो कॅन्सर. सगळ्यांना होत नाही, हेही म्हणाले. पण इतकी वर्षं सूज राहिलीय, आणि तीही सगळ्या आतड्यात, म्हणून आता बरं वाटो न वाटो, ठराविक काळाने दुर्बीण करायचीच. आतले बारीक तुकडे काढून तपासायचे. बिघाड सुरुवातीलाच दिसला तर पुष्कळ काही करता येतं. दुखायला लागल्यावर आलात तर उशीर झालेला असतो. बाहेर काउंटरवर तारीख घेऊन जा.

समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. जगात ते कुणाला नीट समजलं असेल तर मला. ग्रे कापडात सुटलेलं डॅमेज रंग चढल्यावर कसं उठून दिसतं, हे मला कुणी शिकवायची गरज होती का?

बाहेर आलो, काउंटरवर गेलो. आणि तिथे कोण बसलेली? मुलाची काकू.

कुठल्या मुलाची — थांबा, ते राहिलं. बारडोलीचं एक स्थळ मनीषाला बघून गेलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, घरचे सालस, मुलीलाही पसंत. सुपारी फुटायची तेवढी बाकी. बघायच्या कार्यक्रमात मुलाच्या आईने, चहा घेता घेता, सहज विचारल्यासारखं विचारलं होतं की घरात कुणाला काही मोठा आजार वगैरे नाही ना? आणि मी म्हटलं होतं, "छे छे!" शोभा पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकलं आणि बश्या वाटल्या. ही काकू त्या दिवशी मनीषाच्या शेजारी बसली होती. दवाखान्यात कामाला आहे म्हणाली होती, कुठल्या ते मी विचारलं नव्हतं.

तिने मला ओळखलं. "अहो, तुम्ही इकडे? कुणाला दाखवायचंय?" किती साधा प्रश्न. आणि मी — मिलमधला एक जण ॲडमिट आहे, त्याला बघायला आलो होतो, असं सांगून, हसून, चौकशी करून, रिक्षात बसून घरी आलो. तारीख घेतली नाही.

हे तरी मी समजू शकतो. खरंच. आपल्या लोकांत मुलीची आई आजारी म्हटलं की मुलीकडेही त्याच नजरेने बघतात. सुरतेत आपली माणसं एवढी, पण शेवटी गल्लीतली गल्लीत. भेस्तानला शिंकलं की बारडोलीला कळतं. घाबरला बाप, परत फिरला. तिथपर्यंत ठीक. आठवड्याने दुसऱ्या दवाखान्यात गेलो असतो. सुरतेत दवाखान्यांना तोटा आहे का?

पण घरी पोचलो तेव्हा शोभा ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. घरात आम्ही अहिराणीतच बोलायचो. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, नेहमी विचारायची तसं:

"डॉक्टर काय म्हनना?"

आणि मी म्हटलं, "आते काही गरज नही म्हने. बरी व्हयनी तू."

का म्हटलं? 'तारीख नंतर घेऊ' म्हटलं असतं तर चाललं नसतं? चाललं असतं. तिने एका शब्दाने विचारलं नसतं. 'काउंटरवर मुलाची काकू बसलीय, आपण दुसरीकडे जाऊ' म्हटलं असतं तर तिने कपाळाला हात लावला असता, हसली असती, आणि दुसरीकडे आलीही असती. मग 'बरी झालीस' कुठून आलं माझ्या तोंडात? मी इतकी वर्षं हे उलगडत बसलोय, आणि उत्तर एकच येतं — मी कंटाळलो होतो. त्या आजाराला. तिच्या पाणी न पिण्याला, 'जमेल ना' विचारण्याला, ॲसिडिटी ॲसिडिटी करत फिरण्याला. मला ती बरी व्हायला हवी होती, म्हणून मी ती बरी झाली असं सांगून टाकलं.

तिच्या हातातली मेथीची काडी खाली पडली. "माय वो!" म्हणाली, आणि ओल्या हातांनीच देवघराकडे वळून हात जोडले. तिच्या तोंडावरचा तो आनंद मी अजून विसरलेलो नाही. तुम्हीच सांगा, त्या क्षणी परत फिरवायला काय लागत होतं? एक वाक्य. तेवढं मला जमलं नाही.

तिने कानबाईला नवस बोलला होता. मला ते माहीत नव्हतं. आम्हा खानदेशी लोकांची ही देवी, श्रावणात बसते. आजार गेला तर तुला घरात बसवीन, असा तिचा नवस. त्या श्रावणात तिने कानबाई बसवली. भाऊबंद सगळे आले, धुळ्याहून, उधन्याहून. आमच्याकडे कानबाईचे रोट फक्त घरच्याच माणसांनी खायचे असतात, आणि लग्न होऊन गेलेल्या लेकीला ते मिळत नाहीत, म्हणून शोभा मनीषाला पुन्हा पुन्हा वाढत होती — खा गं, पुढच्या साली तू त्यांची. मग फुगडी घातली तिने. माझी बायको, जी बसमध्ये मनगट धरायची, ती जावेबरोबर गरगर फुगडी घालत होती आणि बाया टाळ्या वाजवत होत्या. कुणीतरी मला म्हटलं, तुम्ही फार केलंत हो तिच्यासाठी. मी ते ऐकून घेतलं आणि रोट खाल्ला.

आता सांगा, फेडलेला नवस परत कसा उसवायचा? मी स्वतःशी असंच म्हणत राहिलो. आता दवाखान्याचं नाव काढलं तर देवीवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. हो हो, मीच — ज्याने उभ्या आयुष्यात आरतीला तोंड उघडलं नाही! मला देवी बरी सापडली मागे लपायला.

मनीषाचं लग्न झालं. बारडोलीला सुखात पडली. त्यानंतर तर काकूचीही भीती उरली नव्हती. तरी मी गेलो नाही. भीतीने सुरू झालं होतं, ते सोयीने चालत राहिलं. रोजच्या गोळ्याही शोभाने हळूहळू सोडल्या. मी बघत होतो. कपाटातली त्यांची जागा रिकामी झाली, तिथे तिने शिवणाची पेटी ठेवली. 'सगळ्यांना होत नाही' — डॉक्टरांचं एवढंच वाक्य मी जपून ठेवलं होतं, बाकीची विसरल्यासारखी केली होती.

आणि सांगायला लाज वाटते, पण ती वर्षं चांगली गेली. आम्ही तापीकाठी फिरायला जायचो, गाडीवरचा लोचो खायचो, ती तिखट जास्त घालायला लावायची. मी सुखी होतो. हेही कबूल करतो.

मग ती थकायला लागली. जिना चढताना मध्येच थांबायची. ब्लाउज सैल होऊ लागले. ती म्हणाली वय झालं, मीही म्हटलं वय झालं. संडासला कधी कडक, कधी पातळ, पुन्हा थोडं थोडं रक्त. मूळव्याध असेल, ती म्हणाली. मी — ऐकताय ना? — मी मेडिकलवर जाऊन मूळव्याधीची औषधं आणून दिली. माझ्या हाताने. ते रक्त कशाचं असू शकतं, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आणि मी तिला पाण्याचा ग्लास भरून दिला, औषध घे म्हणून.

शेवटी एक दिवस ती उभ्या जागी खाली बसली, तेव्हा नेलं. त्याच डॉक्टरांकडे. केस पांढरे झाले होते त्यांचे, पण आम्हाला त्यांनी ओळखलं. दुर्बीण झाली, तुकडे तपासायला गेले, स्कॅन झालं. मग आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं. आतड्यात होता, आणि आतड्याबाहेरही गेला होता. जुन्या सुजेतूनच उठलेला, म्हणाले. रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "इतने साल क्यों नहीं आये? मैंने तो बोला था."

शोभाने मान वर केली. तिला कुठे माहीत होतं त्यांनी काय सांगितलं होतं ते?

आणि मी — हेच ते. इतका वेळ याच्याभोवती फिरतोय. तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. तिच्यासमोर, डॉक्टरांसमोर, आता लपवायचं काय उरलं होतं? मी म्हटलं, "साहेब, ये ही डरती थी. दुर्बीण का नाम निकाला कि मना कर देती थी."

बायको शेजारच्या खुर्चीवर बसलेली. तिला कॅन्सर आहे हे तिला नुकतंच कळलंय. आणि तिचा नवरा तिच्याच माथी मारतोय.

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्या नजरेत राग असता तर मी वाचलो असतो. तिला सगळं समजलं, तिथल्या तिथे — तो दिवस, ती मेथी, 'बरी व्हयनी तू', सगळं. मग डॉक्टरांकडे वळली आणि हलकेच म्हणाली, "हां साहेब. मैं ही मना करती थी."

झालं. घरी येताना रिक्षात मी वाट बघत होतो. आता बोलेल, आता भांडेल, तोंडावर मारेल. ती म्हणाली, दूध घ्यायचंय, कोपऱ्यावर थांबवा.

ऑपरेशन झालं, ते सलाईनचे कोर्स झाले, केस गेले. एकदाही तिने तो विषय काढला नाही. फक्त एक झालं. आमचा संसार सुरू झाल्यापासून, कुणाचाही दवाखाना असो, मी आत जाऊन बाहेर आलो की ती विचारायची, डॉक्टर काय म्हनना? त्या दिवसानंतर तिने मला ते कधीही विचारलं नाही. नर्सला विचारायची. जावयाला विचारायची. वॉर्डातल्या झाडूवालीला सुद्धा विचारायची, साहेब येऊन गेले का गं, काय म्हणाले? मी केबिनमधून बाहेर यायचो, तिच्यासमोर उभा राहायचो, आणि ती माझ्या मागच्या दाराकडे बघायची.

मनीषाला आम्ही तेच सांगितलं होतं जे डॉक्टरांना सांगितलं. पोर आईवर भयंकर चिडली. पलंगाजवळ उभी राहून रडत रडत ओरडली — मम्मी, एवढी शिकवलीस मला, आणि स्वतः एका तपासणीला घाबरलीस? आमचा विचार नाही आला? मी तिथेच होतो. मोसंबी सोलत होतो. शोभा म्हणाली, "चुकनं माय." चुकलं गं बाई. मी मोसंबीच्या फोडी बशीत लावल्या.

ती जाऊन वर्ष होत आलंय आता. वेळेवर गेलो असतो तर वाचलीच असती, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. हेही मी स्वतःला फार ऐकवलं. तुम्हाला सांगत नाही — म्हणजे सांगितलंच, पण धरू नका ते.

परवा बारडोलीला गेलो होतो. आईला झालं म्हणजे मुलीनेही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मनीषाने दुर्बीण करून घेतली. सगळं ठीक निघालं. तिने मला जेवायला वाढलं, खिचडी-कढी, शोभा करायची तशी. समोर बसली, आणि म्हणाली, "बघा पप्पा, एवढंसं तर असतं. मी नाही बाबा मम्मीसारखी निष्काळजी."

मी म्हटलं, "हो." खिचडीवर कढी ओतून घेतली, आणि जेवलो.

शोभा निष्काळजी नव्हती. तिने विचारलं होतं. मला विचारलं होतं.